मोरीत थांबलेली कुर्ली

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं एक बोचकं आहे, असं समजा. आत पाच चित्रं. ती तुम्ही स्वतः काढलेली, नारळाच्या शेंडीचा कुंचला करून. त्या चित्रांची गोष्टही तुमचीच, तुमच्याच डोक्यातून निघालेली. समोर अख्खी शाळा मांडी घालून बसली आहे आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत आहेत. आता तोंड घट्ट मिटा. बसा तसेच.

किती वेळ बसाल?

माझ्या शाळेतली एक मुलगी किती वेळ बसली, ते सांगते. त्यासाठी आधी आपल्याला आंबेखोलच्या शाळेच्या पडवीत जायला हवं.

जानेवारीची पंचवीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणून मुलांनी अंगण सारवून ठेवलं होतं. ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून आम्ही पाच जण पडवीतच दाटीवाटीनं बसलो होतो. मी मधोमध, कारण वाचायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या हातात तीन पानांचा करार होता.

माझ्या उजवीकडे विद्याधर चिंदरकर. हा माझा जुना विद्यार्थी. लहानपणी शाळा तपासायला साहेब आले की विदू स्वतःचं नाव विसरायचा. पुढे तो पुण्याला जाऊन सिनेमा शिकला, दोन छोटे सिनेमेही केले. पण अनोळखी माणसासमोर जीभ टाळूला चिकटायची ती चिकटायचीच. आता त्याला मोठा सिनेमा करायचा होता. शेवट सोडून तो लिहून तयार होता. पण सिनेमाला पैसे घालणारा निर्माता लागतो, आणि निर्मात्यासमोर दहा मिनिटांत आपली गोष्ट अशी मांडावी लागते की त्यानं हातातला चहा खाली ठेवावा. विदूकडून ते होणं नव्हतं.

"हे काम करणारी वेगळी माणसं असतात, बाई," त्यानं मला आधी समजावलं होतं. "दुसऱ्याचा सिनेमा घेऊन ती दारोदार जातात. त्यांच्याशी रीतसर करार करायचा."

तसलेच एक गृहस्थ माझ्या डावीकडे बसले होते. प्रफुल्ल नाबर. मुंबईहून आलेले, पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज असा की ते "पाणी मिळेल का?" म्हणाले तरी ऐकत राहावंसं वाटे.

समोर भिकाजी आजो आणि त्यांची नात शेवंती. आणि या शेवंतीची गोष्ट हाच विदूचा सिनेमा होता.

आंबेखोलच्या ठाकरवाडीत चित्रकथी राहतात. चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी ही माणसं. एका गोष्टीची सगळी चित्रं एका फडक्यात बांधलेली असतात. त्या बोचक्याला ते पोथी म्हणतात. नवरात्रात देवळात बसायचं, पोथी सोडायची, एकेक चित्र उचलायचं आणि गात गात गोष्ट पुढे न्यायची. कोणत्या घरानं कोणत्या देवळात सांगायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. भिकाजी आजोंच्या घराकडे रवळनाथाचं देऊळ होतं.

शेवंतीला आई नव्हती. बाप वेंगुर्ल्याला ट्रॉलरवर, महिन्यातून एकदा घरी यायचा. ती आजोंच्या मांडीवर बसून गोष्टी शिकली आणि चौथीत आल्यावर तिनं स्वतःचीच पोथी काढायला घेतली. रामायणातली नाही, महाभारतातली नाही. एका कुर्लीची. खाडीत राहणारी ही कुर्ली, म्हणजे खेकडी, सगळं पाणी येतं कुठून ते बघायला नदीनं वर वर निघते. दर शनिवारी शेवटच्या तासाला शेवंती वर्गात पोथी सोडायची आणि कुर्लीसारखी तिरकी चालत गोष्ट सांगायची. पाच चित्रं झाली होती, दोन व्हायची होती. आदल्या शनिवारी गोष्ट पाचव्या चित्रापाशी आली होती. कुर्ली रस्त्याखालच्या मोरीत शिरली. "मोरीत काळोख होता," शेवंती म्हणाली, "आणि पलीकडून कोणीतरी श्वास घेत होतं." आणि घंटा झाली. मुलं ओरडली, पण एसटी वेळेवर सुटते, आणि मला कुलूप लावून तिच्या थांब्यापर्यंत चार किलोमीटर चालायचं होतं. मी मुलांना घरी पिटाळलं.

तर, करार. मी वाचू लागले. नाबरांनी वर्षभर हा सिनेमा निर्मात्यांपुढे मांडायचा. जमलं तर ठरलेला वाटा त्यांचा, आणि पडद्यावर नावही. नाही जमलं तर कोणी कोणाचं काही लागत नाही. हे सगळं सरळ होतं. सहाव्या कलमापाशी माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मी भराभर वाचलं, "या करारकाळात सदर कथा कोणाही व्यक्तीस सांगण्याचा, दाखवण्याचा अथवा सादर करण्याचा अधिकार केवळ श्री. नाबर यांना राहील."

"म्हंजे कसा, बाय?" आजोंनी मला विचारलं.

नाबरांनीच उत्तर दिलं. एकाच दारात दोन माणसं एकच वस्तू घेऊन गेली की वस्तूची किंमत जाते, म्हणून हे कलम सगळ्याच करारांत असतं, असं ते म्हणाले. मी त्यावर माझ्या शहाणपणाची भर घातली. म्हटलं, "म्हणजे वर्षभर ही गोष्ट नाबरांची असं समजा."

आजोंचा चेहरा एकदम खुलला. "ह्या बरोबर आसा. एका देवळात दोघांनी पोथी सोडूची नाय."

आम्ही हसलो. किती चटकन समजलं म्हाताऱ्याला, असं मला वाटलं.

आजोंनी पालक म्हणून सही केली. शेवंती म्हणाली, मी पण करणार. तिच्या सहीची गरज नव्हती. पण नाबर हसून म्हणाले, करू दे की. मी तिला माझं पेन दिलं. सही करण्यापूर्वी तिनं मला विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, पुढच्या वर्षीच्या चोवीस जानेवारीपर्यंत. मग, मास्तरकीची खोड, एक वाक्य जास्तीचं बोलले. "सही केली की शब्द पाळायचा असतो हं."

तिनं मान हलवली आणि जोडाक्षर न चुकता पूर्ण नाव लिहिलं.

नंतर नाबरांनी पाचही चित्रांचे फोटो काढून घेतले. मग आजोंनी एक गोष्ट केली, जिच्याकडे मी बघितलं पण लक्ष दिलं नाही. त्यांनी पोथी लाल फडक्यात बांधली, क्षणभर नाबरांच्या हातात ठेवली, परत घेतली आणि वर आणखी एक गाठ मारली. "बाय, ह्या तुजा सांगणा आता ह्येंच्याकडे गेला," ते नातीला म्हणाले. म्हाताऱ्या माणसांच्या काही रीती असतात, असं म्हणून मी चाबी शोधू लागले.

पुढचा शनिवार आला. शेवटच्या तासाला मुलं आपणहून गोल करून बसली. पहिलीतली मंजू सर्वांत पुढे. ती शेवंतीच्या गुडघ्याला गुडघा लावूनच बसायची. मी खुर्ची मागे सरकवली. शेवंती उभी राहिली आणि म्हणाली, "आज मारीचाची गोष्ट सांगतंय."

मुलांनी कलकलाट केला. कुर्ली, कुर्ली. शेवंतीनं नकारार्थी मान हलवली.

मी म्हटलं, सांग गं, मलाही ऐकायची आहे. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "नाय, बाई."

मला वाटलं, पोरीच्या डोक्यात हवा गेली. शहराचा माणूस आला, फोटो काढले, कागदावर सही झाली. दहा वर्षांच्या पोरीचं आणखी काय होणार? मी सगळ्यांसमोर बोलले, "काय गं, सिनेमावाली झालीस म्हणून आता आमच्यासारख्यांना सांगवत नाही वाटतं?"

वर्ग खो खो हसला. शेवंती हसली नाही. तिनं मारीचाची गोष्ट सुरू केली, आणि चांगली सांगितली.

बाळांनो, शिक्षकांनाही कधी कधी कान धरून उभं करायला हवं. पण त्यांना उभं कोण करणार?

असे शनिवार गेले. फाल्गुन गेला, उन्हाळ्याची सुट्टी गेली. मुलांनी पेरू देऊ केले, काजूच्या बिया देऊ केल्या, मग चिडवायला घेतलं. शेवंती दिसली की कोणीतरी ओरडायचं, "शेवंते, कुर्ली मेली काय गो तुजी?" दुसरा म्हणायचा, "मरतली कशाक? मोरयेत अडाकलीहा." शेवंती ऐकून घ्यायची. मंजू मात्र चिडवत नसे. ती दर शनिवारी फक्त एक शब्द विचारायची, "आज?" आणि शेवंती तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणायची, "आज नाय."

तिकडे नाबरांचे विदूला सुरुवातीला आठवड्याला फोन यायचे. मग महिन्याला. गणपतीत एकदा आला, त्यानंतर नाही. विदू हडकला. घरचे त्याला म्हणू लागले की मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बस. त्यानं मला सांगितलं, जानेवारीपर्यंत बघतो, नाही जमलं तर बसतो दुकानात.

जानेवारी आला. एकोणीस तारखेला, शुक्रवारी, विदू धावतच वर्गात शिरला. त्याच्या मागून एक बाई आल्या, चप्पल दाराबाहेर काढून. मृणाल देवस्थळी. मुलांचे सिनेमे करणाऱ्या निर्मात्या. कुडाळला एका शाळेच्या कार्यक्रमाला आल्या होत्या, तिथं विदूचा एक छोटा सिनेमा दाखवला गेला आणि त्यांना तो आवडला. पुढे काय करतोयस, असं त्यांनी विचारलं, तर आमच्या विदूची दातखीळ. शेवटी तो कसंबसं म्हणाला, माझ्याबरोबर एका शाळेत चला.

देवस्थळीबाई मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. मुलांनीच त्यांना सगळं सांगून टाकलं. शेवंती गोष्ट सांगायची, एका कुर्लीची, पण हल्ली सांगत नाही. कुर्ली हा शब्द ऐकून बाईंनी मान वर केली.

"मोरीत शिरते ती? ती माझ्याकडे येऊन गेलीय. नाबर म्हणून एक गृहस्थ घेऊन आले होते." त्या विदूकडे वळल्या. "तुझा होता तो सिनेमा? मी नाही म्हटलं होतं. मोरीच्या पलीकडे वाघ निघाला. ती कुर्ली मला फार आवडली होती रे, पण वाघ मला पटला नाही."

शेवंती दचकली. "वाघ?"

"का? वाघ नाही?"

शेवंतीनं ओठ मिटले.

"मग कोण आहे गं?" बाई पुढे झुकल्या. "मला तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायची आहे."

 विदू दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मंजू दोन्ही हातांवर हनुवटी ठेवून बसली होती. आता ती दुसरीत होती आणि तिचे पुढचे दोन दात पडले होते.

शेवंती म्हणाली, "ती गोष्ट आता माझ्याकडे नाय."

देवस्थळीबाईंना काही कळेना. त्यांनी सांगितलं की त्या उद्या दुपारच्या गाडीनं निघणार, आणि सोमवारी त्यांना पुढच्या वर्षीचा सिनेमा ठरवून टाकायचा आहे. त्या काही दबाव आणत नव्हत्या, आहे ते सांगत होत्या. पण विदूचा चेहरा मी पाहिला आणि माझा धीर सुटला. मी शेवंतीजवळ गेले.

"शेवंती, सांग. मी सांगतेय ना, चालतं. तुझीच तर गोष्ट आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

"बाई, तुमीच वाचलंत ना? सांगूचा नाय, दाखवूचा नाय. अजून पाच दिवस आसत."

मी मागे सरकले. एक वर्ष. शनिवारामागून शनिवार ही पोर वर्गासमोर उभी राहिली होती, सगळ्यांचं चिडवणं सोसून, माझा टोमणा सोसून. आणि मला वाटत होतं की तिच्या डोक्यात हवा गेलीय.

 जाताना देवस्थळीबाईंनी शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवला.

शाळा सुटल्यावर विदू आणि मी ठाकरवाडीत आजोंकडे गेलो. मी त्यांना समजावू लागले की ते कलम धंद्याचं होतं, निर्मात्यांपुरतं. शाळेतल्या पोरांना गोष्ट सांगायची नाही असा त्याचा अर्थ कोणी धरला नसता. आजोंनी सगळं ऐकलं. मग फळीकडे बोट दाखवलं. तिथं लाल बोचकं होतं, दोन गाठींचं, वर्षाच्या धुरानं काळवंडलेलं.

त्यांनी मला त्यांच्या तरुणपणातली एक हकीकत सांगितली. एका वर्षी त्यांचा घसा बसला. रवळनाथाच्या देवळातलं सांगणं त्यांनी चुलतभावाला दिलं, एका वर्षापुरतं. नारळ-सुपारी देऊन, पोथी त्याच्या हातात ठेवून. दिवाळीपर्यंत घसा बरा झाला. घरातली पोरं गोष्ट सांगा म्हणून मागे लागायची. आजोंनी सांगितली नाही.

"देवळात रोज जाय मी. पण तोंड उगडूक नाय," ते म्हणाले. "दिलला सांगणा मगे आपला कसा?"

"मग परत कसं मिळालं?" विदूनं विचारलं.

वर्ष भरलं की मिळतंच, आजो म्हणाले. किंवा ज्याच्याकडे दिलं, त्यानं आपल्या पायांनी यावं, नारळ-सुपारी ठेवावी, आणि गाठ सोडून पोथी परत द्यावी.

शेवंती चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नाबर कशाक येतले? ते मुंबयेक आसत."

नाक्यावरच्या दुकानात फोन होता. विदूनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तुम्ही बोला, बाई. माझ्यानं नाही होणार."

नाबरांचा आवाज आला. तोच गोड आवाज, पण दमलेला. मी देवस्थळीबाईंचं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अहो, मग सांगू दे की तिला. माझी काही हरकत नाही. हवं तर कागद फाडून टाका."

"ते फोनवर होणार नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. पोथी, गाठ, चुलतभाऊ, शनिवार, मंजू. दुकानदार तागडी हातात धरून ऐकत उभा राहिला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"वर्षभर कोणालाच नाही सांगितली?" नाबरांनी विचारलं.

"कोणालाच नाही."

"मी चौदा ठिकाणी सांगितली," ते म्हणाले. मग म्हणाले, "नारळ तिकडे मिळेल, की इथून आणू?"

शनिवारी सकाळची शाळा. देवस्थळीबाई आठ वाजताच येऊन बसल्या होत्या. विदूनं त्यांना एवढंच सांगितलं होतं की थांबा, पण गोष्ट ऐकायला मिळेल असं वचन देत नाही. भिकाजी आजो पोथी मांडीवर घेऊन भिंतीशी टेकले होते. मी मुलांना पाढे म्हणायला लावले. तेराचा पाढा तीनदा झाला. शेवंतीची नजर दारावर होती. नऊ झाले, दहा झाले. देवस्थळीबाईंनी एकदा घड्याळ बघितलं आणि मनगट पदराखाली घेतलं.

सव्वादहाला शाळेच्या वळणावर रिक्षा थांबली.

नाबर उतरले. रात्रभर बसून आले होते. शर्टाची इस्त्री पार मोडली होती. हातात कुडाळच्या बाजारातल्या कागदी पुडीत एक सुपारी, आणि बगलेत नारळ. वर्गात शिरताना त्यांना बूट काढायचे होते आणि नारळ कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. मंजूनं उठून तो धरला.

ते आजोंसमोर खाली बसले. नारळ-सुपारी ठेवली. "मला रीत माहीत नाही," ते म्हणाले. "चुकलं तर सांगा."

आजोंनी बोचकं त्यांच्या हातात दिलं. "गाठ सोडा. तुमच्या हातानं."

वर्षभर बसलेली गाठ. नाबरांना ती सुटेना. कोणी हसलं नाही. त्यांनी नखं लावली, दात लावायला गेले, मग थांबून पुन्हा बोटांनीच सोडवू लागले. सोडवता सोडवता ते शेवंतीशी बोलत होते, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाळा, मी चौदा दारांत तुझी गोष्ट सांगितली. मोरीपर्यंत सगळे ऐकायचे. अगदी खुर्चीच्या कडेला येऊन ऐकायचे. मग विचारायचे, पलीकडे कोण? मी एकदा म्हटलं तिची आई. एकदा म्हटलं समुद्र. या बाईंना वाघ सांगितला. मला माहीतच नव्हतं गं. पण माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली." गाठ सुटली. त्यांनी फडकं सरळ केलं आणि पोथी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "वर्षभरात तुला एक फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं. घे. तुझं सांगणं तुझ्याकडे."

शेवंतीनं पोथी घेतली, कपाळाला लावली.

सिनेमा झाला की नाही, हे तुमच्या ओठांवर आलं असेल. झाला. तीन वर्षं लागली. देवस्थळीबाईंनी केला, आणि दुसऱ्या करारात शेवंतीनं स्वतः एक ओळ घालायला लावली, की शाळेत गोष्ट सांगायला कोणाची आडकाठी नाही. पडद्यावर नाबरांचं नाव आहे. विदू हार्डवेअरच्या दुकानात बसला नाही. पण हे सगळं पुढचं. त्या शनिवारी यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. साडेदहा वाजले होते, बाईंची गाडी दुपारी दोनची होती, कुडाळ तासाभराच्या वाटेवर होतं, आणि विदू पुन्हा दाराची चौकट धरून उभा होता.

देवस्थळीबाईंनी पर्समधून चष्मा काढला. नाबर मुलांमध्ये जागा करून बसले. शेवंती उठली, खुंटीला टांगलेल्या आपल्या दप्तरातून तिनं गुंडाळी केलेले दोन कागद काढले. ही चित्रं आम्ही कोणीच पाहिली नव्हती. काढायचं नाही असं करारात कुठं लिहिलं होतं? तिनं ती पालथीच पोथीच्या तळाशी सरकवली.

मग ती जागेवर बसली, आणि पहिलं चित्र तिनं उचललं.

उचललं, आणि बाजूला पालथं ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं.

देवस्थळीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विदूनं दारातून खुणा केल्या, पहिल्यापासून, पहिल्यापासून. मलाही ते सांगायचं होतं; तोंडापर्यंत आलं होतं. पण मी एकदा त्या पोरीला सगळ्यांसमोर शिकवायला गेले होते, ते आठवलं. मी बाईंच्या जवळ सरकले आणि म्हटलं, मागचं राहिलेलं तुम्ही नंतर मंजूला विचारा, तिला पाठ आहे.

शेवंतीनं मंजूला हातानं जवळ ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. मग पाचवं चित्र दोन्ही हातांत सरळ धरलं.

"मोरीत काळोख होता," ती म्हणाली, "आणि पलीकडून कोणीतरी श्वास घेत होतं."